ट्रक ड्रायव्हरला आराम विकायचाय? आधी त्याच्या झोपेचा हिशोब मांडा



"सर, हायवेला लागून जागा आहे, काय टाकू?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं. हॉटेल! समोर हिरवळ, मुलांसाठी झोपाळा, आत एसी हॉल, मेन्यूत मिसळीपासून मंचुरियनपर्यंत सगळं. मग काय होतं? शनिवार-रविवारी कारवाले येतात, आणि सोमवार ते गुरुवार मालक आणि वेटर एकमेकांची तोंडं बघत बसतात.

त्याच जागेसमोरून रात्रभर ट्रक जात असतात. त्यांचा विचार कुणी करत नाही. फार तर "ट्रकवाले थांबले की फॅमिली गिऱ्हाईक येत नाही" एवढंच बोललं जातं. आमचं दुकान सीट कव्हर आणि गाडीच्या ॲक्सेसरीजचं आहे, त्यामुळे ट्रक ड्रायव्हर रोज काउंटरवर येतो. तो काय मागतो, काय नुसतं हातात घेऊन परत ठेवतो, कशावर घासाघीस करतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. व्हिडिओत वीस मिनिटांत जेवढं मावलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहितोय.

केबिन हेच घर

लांब पल्ल्याचा ड्रायव्हर महिन्यातले बहुतेक दिवस गाडीवर असतो. केबिन हीच त्याची झोपायची खोली, तेच देवघर, तेच कपाट, आणि बऱ्याच जणांचं स्वयंपाकघरसुद्धा. घरात माणसाला काय काय लागतं ते आठवा. तेवढं सगळं त्याला लागतं, फक्त जागा हातभर आहे.

उदाहरण घेऊ. चाकणहून सुट्या भागांचा माल भरून गाडी बेंगळुरूला निघाली. पुण्यापासून साधारण साडेआठशे किलोमीटर. खंबाटकी, सातारा, कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी असा रस्ता. आपल्याला वाटतं, ड्रायव्हरचं काम म्हणजे गाडी चालवणं. पण त्याला विचारा, चालवण्यापेक्षा थांबण्यात किती वेळ जातो! कंपनीच्या गेटबाहेर नंबर लागेपर्यंत थांबायचं. शहरात अवजड गाड्यांना दिवसा बंदी असेल तर हद्दीबाहेर थांबायचं. माल उतरवायला हमाल येईपर्यंत थांबायचं, वाराईवरून वाद झाला तर आणखी थांबायचं. आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत कधी एक दिवस, कधी दोन दिवस थांबायचं. हा सगळा वेळ तो केबिनमध्ये किंवा गाडीच्या सावलीत काढतो. पुष्कळ गेटवर त्याला आतलं संडास वापरू देत नाहीत. "ए ड्रायव्हर, गाडी मागे घे" हीच भाषा.

म्हणून धंदेवाल्याने पहिली गोष्ट लिहून ठेवा: ड्रायव्हरच्या आरामाचे दोन वेगवेगळे बाजार आहेत. एक चालत्या गाडीतला आणि दुसरा थांबलेल्या गाडीतला. पहिल्यात गाडी बनवणाऱ्या कंपन्या उतरल्या आहेत. दुसरा अजून बराचसा मोकळा आहे.

आता एसीचंच घ्या. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. चांगली गोष्ट आहे, फार आधी व्हायला हवी होती. तेव्हा काही दुकानदार मित्र म्हणाले, "संपलं, आता ट्रकचा पंखा कोण घेणार?" अहो, एसी चालतो इंजिनवर! गाडी उभी असताना एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जळतं, आणि डिझेलचा हिशोब मालक लिटरमध्ये नाही, थेंबात ठेवतो. शिवाय रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांना हा नियम लागूच नाही. गेटबाहेर दुपारी दोन वाजता उभ्या असलेल्या केबिनमध्ये जो घाम येतो, त्याला आजही पंखाच लागतो.

चोवीस व्होल्ट, विसरू नका

हा भाग नीट वाचा. नवीन दुकानदार इथेच पैसे आणि नाव दोन्ही घालवतो.

कारची वायरिंग १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकची बहुतेक २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. पिकअप आणि छोटे टेम्पो मात्र १२ वर चालतात. तुम्ही होलसेल मार्केटमधून कारचे पंखे, चार्जर, एलईडी पट्ट्या स्वस्तात उचलल्या आणि ट्रकवाल्याला दिल्या, तर वस्तू पहिल्याच रात्री जळते. सकाळी तो येत नाही, कारण तो तोवर दोनशे किलोमीटर पुढे गेलेला असतो. पण जिथे जेवायला थांबेल तिथे चार जणांना तुमच्या दुकानाचं नाव सांगतो.

चार्जर घेताना त्यावर १२-२४ असं छापलेलं बघा. पंखा मागताना होलसेलवाल्याला "ट्रकचा, चोवीसचा" असं स्पष्ट सांगा. आणि एक जुगाड अजिबात करू नका: १२ ची वस्तू चालावी म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वायर ओढायची. बरेच जण करून देतात, वस्तू चालतेसुद्धा. पण एकच बॅटरी जास्त वापरली जाते, दोन्हींचं चार्जिंग असमान होतं आणि जोडी लवकर मरते. दोन बॅटऱ्यांचा खर्च मालकाच्या बोकांडी बसला की तो ड्रायव्हरला विचारतो, आणि ड्रायव्हर तुम्हाला. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. प्रत्येक जोडणीला बॅटरीजवळ फ्यूज हवाच. केबिनमध्ये गादी, पडदे, कपडे सगळं पेटणारं सामान असतं आणि आत माणूस झोपलेला असतो.

आता कमाईचं बोलू. पंखा विकून फारसं सुटत नाही, ऑनलाइनवाले भाव पाडतात. सुटतं ते बसवून देण्यात. वायर कुठून नेली, मागच्या बर्थकडे वारा कसा लागेल, स्विच झोपल्या जागी हाताला येईल का, हे ऑनलाइनवाला करून देत नाही. गाडीचं वायरिंग जाणणारा एक चांगला इलेक्ट्रिशियन जोडीला घ्या आणि "अर्ध्या तासात बसवून" असा बोर्ड लावा. ड्रायव्हरला भावापेक्षा तो अर्धा तास जास्त महत्त्वाचा वाटतो.

बर्थ, गोधडी आणि एक कल्पना

सीटबद्दल थोडक्यात. रेक्झिन दिसायला छान, पुसायला सोपं, पण उन्हात तापतं आणि पाठ ओली करतं. म्हणून ड्रायव्हर त्यावर टॉवेल टाकतो किंवा लाकडी मण्यांची सीट घालतो, म्हणजे मधून हवा खेळते. कापडी कव्हर सुचवा. कंबरेला आधार देणारी उशी विकत असाल तर आधी त्याला गाडीत बसवून, ती लावून बघायला सांगा. पाय क्लचपर्यंत नीट पोचत नसेल तर ती उशी उपयोगाची नाही, विकू नका.

बर्थचा विषय मात्र मोठा आहे. आपल्याकडच्या अनेक ट्रकांची केबिन कंपनीत नाही, बॉडी बिल्डरकडे बनलेली असते. त्यामुळे मागच्या बर्थची मापं सारखी नसतात. बाजारातली सिंगल गादी तिथे बसतच नाही, एक तर दुमडते नाही तर कोपऱ्यात अडते. ड्रायव्हर जुनी चादर, बारदान, फोम असं काहीतरी एकावर एक रचून झोपतो.

इथे मला आपली गोधडी दिसते. अगदी खरं सांगतो! गोधडी पातळ असते, घडी होते, हव्या त्या मापाची शिवता येते, खाली टाका नाहीतर अंगावर घ्या. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका गोधड्या शिवतात आणि शहरातल्या प्रदर्शनात विकायला नेतात, तिथे कौतुक जास्त आणि विक्री कमी. त्याच गटाने हायवेच्या पंपावर टेप घेऊन उभं राहावं, बर्थचं माप घ्यावं, आणि त्या मापाची गोधडी ठरावीक दिवसांत तयार ठेवावी. एकाच मार्गावर गाडी चालवणारा ड्रायव्हर, आपल्या भाषेत लाइनवरचा ड्रायव्हर, आठ-दहा दिवसांनी त्याच रस्त्याने परत येतो. हीच गोष्ट धुण्याच्या धंद्याला उपयोगी पडते. जाड गोधडी धुतली की वाळायला दोन दिवस, म्हणून तिला चेनवाला सुती खोळ करायचा. मळकी खोळ ठेवून जा, धुतलेली घेऊन जा, पैसे फक्त धुण्याचे. असा ठरलेला गिऱ्हाईक एकदा बांधला की तो दुसरीकडे जात नाही.

मच्छरदाणीही अशीच. केबिनच्या खिडकीला मापाची जाळी, वेल्क्रोवर चिकटणारी. कापड स्वस्त, शिलाई सोपी. उन्हासाठी काचेआड लावायचा पडदा विका, पण तो गाडी उभी असतानाच वापरायचा हे सांगून. काळी फिल्म लावून देऊ नका, २०१२ पासून त्यावर सुप्रीम कोर्टाची मनाई आहे.

पण तो झोपतो कुठे?

आता मूळ मुद्दा. वरच्या सगळ्या वस्तू घेतल्या, पंखा लावला, गोधडी टाकली, जाळी बसवली. तरी ड्रायव्हर झोपतो का?

त्याला विचारा. तो सांगेल, "एक कान टाकीकडे असतो."

ट्रकच्या टाकीत ३०० लिटर डिझेल असेल तर नव्वदीच्या भावाने २७,००० रुपये झाले. अंधारात रस्त्याकडेला उभ्या गाडीतून नळी टाकून डिझेल काढायला फार वेळ लागत नाही. बॅटऱ्या चोरीला जातात, स्टेपनी जाते, ताडपत्री फाडून माल जातो. आणि भरपाई बऱ्याचदा ड्रायव्हरच्याच पगारातून कापली जाते. ज्याच्या महिन्याच्या कमाईएवढं डिझेल उशाशी उघड्यावर आहे, त्याला गाढ झोप कशी लागणार? वर उकाडा म्हणून खिडकी उघडी ठेवावी तर मोबाईल जातो.

मग तो काय करतो? झोपतच नाही. चालवत राहतो. पहाटे दोन ते पाच ही वेळ माणसाच्या शरीराला सर्वांत जड जाते, डोळे उघडे असले तरी मेंदू झोपेला आलेला असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं. कागदावर. पण तो अर्धा तास कुठे घ्यायचा, गाडी कुठे लावायची, हे सांगायला रस्त्यावर कुणी उभं नसतं. रस्त्याकडेला बंद दिव्यांनी उभ्या ट्रकवर मागून कार किंवा बस आदळल्याची बातमी आपण किती वेळा वाचतो! त्या बातमीत ट्रक तिथे का उभा होता, हे कधी छापून येत नाही. कारण एवढंच असतं की दुसरीकडे जागा नव्हती.

बीबीएला आम्हाला मार्केटिंगचे चार पी शिकवले होते: प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. हायवेच्या धंद्यात मी पाचवा जोडतो, पार्किंग. आणि तो पहिल्या नंबरवर ठेवतो. ड्रायव्हरला लागणारी सर्वांत महाग वस्तू म्हणजे चार तासांची बिनघोर झोप, आणि ती गादीवर नाही, पार्किंगवर अवलंबून आहे.

जागेचा हिशोब

एक सरळ १२ मीटरचा ट्रक. शेजारी दार उघडायला जागा, पुढे-मागे मोकळीक आणि गाडी वळवायचा रस्ता धरला तर गाडीमागे साधारण एक ते सव्वा गुंठा लागतो. म्हणजे १० गुंठ्यांत आठ गाड्या. ट्रेलर घ्यायचे ठरवले तर हिशोब बदलतो. शक्य असेल तर आत यायचा आणि बाहेर जायचा रस्ता वेगळा ठेवा. थकलेल्या ड्रायव्हरला रात्री रिव्हर्स घ्यायला लावलं तर तो पुन्हा येत नाही, आणि तुमचं कुंपणही जातं.

जमीन काळी असेल तर मुरूम टाकून, रोलर फिरवून घेतल्याशिवाय उद्घाटन करू नका. पहिल्या पावसात भरलेली गाडी रुतली की क्रेन बोलवावी लागते आणि भांडण तुमच्या दारात.

आता पैसे. समजा रात्रीचे ५० रुपये घेतले, आठही जागा भरल्या. दिवसाला ४००, महिन्याला १२,०००. रात्रीचा एक चांगला वॉचमन ठेवला तर एवढाच पगार जातो. म्हणजे पार्किंग फक्त वॉचमनला पोसतं, तुम्हाला नाही! कमाई आहे ती गाडी आत आल्यानंतर. अंघोळ, चहा, जेवण, कपडे धुणं, हवा-पंक्चर, पंखा बसवणं. समजा गाडीमागे रात्रीत १५० रुपयांची विक्री झाली, तर आठ गाड्यांची १,२००, महिन्याची ३६,०००. ही विक्री आहे, नफा नाही. आणि सगळ्या जागा रोज भरणार नाहीत, अर्ध्या धरा.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. फक्त पार्किंगसाठी जागा भाड्याने घेऊन या धंद्यात उतरू नका. ज्याचा आधीच ढाबा आहे, पंक्चरचं दुकान आहे, गॅरेज आहे आणि बाजूला पडीक तुकडा आहे, त्याच्यासाठी हे आहे. नाहीतर अशा माणसाबरोबर भागीदारी करा. जागा त्याची, दिवे-कॅमेरे-वॉचमन-अंघोळीची सोय तुमची.

दोन कागद आधी तपासा. राष्ट्रीय महामार्गावरून आत रस्ता काढायला परवानगी लागते, ती गृहीत धरू नका. आणि जमीन शेतीची असेल तर बिनशेतीचं काय, हे तहसील कार्यालयात जाऊन विचारा, गावातल्या एजंटाला नाही.

समृद्धी महामार्गाच्या आसपासच्या मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. सरळ, एकसुरी रस्ता, डोळ्यांवर झापड येते. पण तो चहूबाजूंनी बंद रस्ता आहे. शेताच्या बांधावरून ढाब्याला वाट काढता येणार नाही. तुमची संधी असेल तर ती इंटरचेंजबाहेर, जिथे गाडी टोल देऊन खाली उतरते तिथे. आणि नुसत्या झोपेसाठी ड्रायव्हर खाली उतरेल असं धरून चालू नका, तिथे माल भरायचं-उतरवायचं ठिकाण जवळ हवं.

"सर, तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' काढलंय, मग आपलं काय?" हो, काढलंय. झोपायला खाटा, अंघोळ, पाणी, स्वतः स्वयंपाक करायला ओटा अशा सोयी असतात. ही स्पर्धा मानू नका, ही फुकटची शाळा माना. जवळच्या पंपावर जा, चालवणाऱ्याशी बोला, ओटा वापरतात का बघा, गरम पाण्याला किती वाजता रांग लागते बघा. प्रत्येक पंपावर ही सोय नाही, आणि हायवे फार लांब आहे.

जेवण

यावर मी थोडंच लिहितो, कारण ढाब्यावर माझे तीन व्हिडिओ आधीच आहेत. कराड-कोल्हापूर बाजूचा अख्खा मसूर किंवा धुळे बाजूची शेवभाजी कारवाल्यांना मौज म्हणून आवडते. ज्याला रोज बाहेरच खायचंय त्याला कमी तेलाचं वरण, भात, दोन साध्या चपात्या, ताक हवं असतं. अर्धी प्लेट ठेवा. भरपेट तेलकट जेवून लगेच स्टिअरिंगवर बसलं की झोप येणारच. गाडीचे नंबर बघून भात की रोटी ते ठरवा, तमिळनाडूचा ड्रायव्हर आणि राजस्थानचा ड्रायव्हर एकच थाळी खाणार नाहीत. जे स्वतः शिजवतात त्यांच्यासाठी पाव किलो डाळ, अर्धा किलो तांदूळ, मीठ-मसाल्याच्या छोट्या पुड्या असं एका खेपेचं किराणा पुडकं करून ठेवा. शिजवायला केबिनबाहेर, वाऱ्याच्या आड ओटा द्या.

आणि खाट! ढाब्यावरची सुतळीची खाट ही हायवेवरची सगळ्यात जुनी सोय. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि खाटा गेल्या. परत आणा. झोप आलेल्या ड्रायव्हरला "वीस मिनिटं पडा, मी उठवतो" म्हणा, उठल्यावर चहा द्या. खाटेचे पैसे घेऊ नका.

जे विकायचं नाही

हायवेच्या टपरीवर सर्वांत जास्त सुटतं कशात, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. गुटख्यात. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी कुठे मिळतो ते सांगायला नको. "मी नाही ठेवला तर शेजारचा ठेवतो" हे वाक्य माझ्या प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी बोलतंच. ठेवू दे. बंदीचा माल ठेवून तुम्ही दुकान नाही, पोलिसांच्या भेटीची सोय करता. झोप घालवणाऱ्या गोळ्यांचा तर विषयच काढू नका. त्या झोप घालवत नाहीत, पुढे ढकलतात, आणि ती परत कुठल्या वळणावर येईल ते कुणाच्या हातात नसतं.

पिवळ्या काचांचे "नाईट ड्रायव्हिंग" चष्मे खूप खपतात. मी दुकानात ठेवत नाही. रंगीत काचेतून डोळ्यात प्रकाश कमी जातो, रात्री तर आधीच कमी असतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा चष्मेवाल्या तपासनिसाला टेबल लावू द्या. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, बिल्टी वाचता येत नाही, तरी ड्रायव्हर बोलत नाही, कारण लायसन्सची भीती. व्यावसायिक लायसन्स दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जातं आणि डॉक्टरचा दाखला लागतो. आधीच योग्य नंबर लावून घेतला तर ती भीती उरत नाही, हे त्याला सांगा.

पैसे कोण देतो?

मालक खेपेमागे ड्रायव्हरला खुराकीचे पैसे देतो. खाण्यापिण्यातून वाचले तर ते ड्रायव्हरचे, घरी पाठवायचे. म्हणून तो तुमच्या काउंटरवर वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याला कंजूष म्हणू नका, ते वीस रुपये त्याच्या हिशोबात मुलाच्या वहीचे असतात. छोटी वस्तू, लगेच उपयोग, यूपीआयने पैसे, असं त्याच्यासाठी ठेवा.

मोठी वस्तू, म्हणजे सीट, बर्थ, पंखा-कन्व्हर्टरचा सेट, मालकाला विका. आपल्याकडे बहुतेक ट्रक एक-दोन-पाच गाड्यांच्या छोट्या मालकांचे आहेत. त्यांची आजची सर्वांत मोठी तक्रार काय? ड्रायव्हर टिकत नाही. ड्रायव्हर सोडून गेला की गाडी उभी आणि बँकेचा हप्ता चालू. मालकासमोर "आरामदायी सीट" असं बोलू नका, तो हसेल. "साहेब, गाडी चार दिवस उभी राहिली तर तुमचे किती जातात?" असं विचारा, आकडा त्यालाच काढू द्या, आणि मग तुमच्या सेटची किंमत सांगा. कळंबोली, भिवंडी, निगडीचं ट्रान्सपोर्ट नगर, अशा ठिकाणी हे मालक एकाच जागी भेटतात.

आणि बोलताना मान द्या. पाजी, अण्णा, भैया, मामा, जो ज्या भागातला त्याला तसं. क्लीनर त्याला उस्ताद म्हणतो, तुम्हीही म्हणा.

कुठून सुरुवात करायची

लगेच माल भरू नका. एक वही घ्या आणि तीन रात्री, त्यातली एक शनिवारची, नऊ ते एक तुमच्या जागेसमोर बसा. मोजा: एका किलोमीटरच्या आत किती ट्रक आपणहून कडेला थांबतात, किती वेळ थांबतात, आणि का. लघवीला, टायर बघायला, चहाला, की झोपायला? कुठल्या राज्याच्या नंबरप्लेट जास्त आहेत? गाड्या भरलेल्या आहेत की रिकाम्या? आणि एक गोष्ट जी जवळजवळ सगळे विसरतात: मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्या गाड्या तुमच्या नाहीतच. फक्त तुमच्या बाजूने येणाऱ्या मोजा. मुंबईकडे जाणारी बाजू आणि बेंगळुरूकडे जाणारी बाजू, दोन्हींची थांबायची वेळ आणि गरज वेगळी असते. मागचं मोठं शहर किती तासांवर आहे यावर ती ठरते.

थांबलेल्या चार-पाच उस्तादांना चहा पाजा आणि एकच प्रश्न विचारा: "काल रात्री कुठे झोपलात?" उत्तर जसंच्या तसं लिहा. आणि हो, जाताना रिफ्लेक्टरचं जॅकेट घालून जा. अंधारात हायवेच्या कडेला तुम्हीही कुणाला दिसत नाही.